हेडक्लार्कांच्या जांघेतील गळू : कारणे, निगा व प्रतिबंध

पुरुषाला अवघड जागी गळू कधीच होत नाही. त्याची फक्त 'पाठ धरते'. आमच्या कचेरीतल्या रजेच्या अर्जांवरून हे सिद्ध झाले आहे. (गेल्या वर्षी पाठदुखीचे अर्ज एकतीस. पैकी पाय फाकवून चालणारे एकोणतीस.)

हेडक्लार्कांच्या जांघेत गळू उठले त्याची कारणे शास्त्रशुद्ध होती : लग्नातली विजार (पोट वाढले, विजार वाढली नाही), रेक्झिनची खुर्ची, दिवसभराचा घाम आणि जुन्या ब्लेडने घाईत केलेली साफसफाई. हे शेवटचे कारण त्यांनी बायकोलाही सांगितलेले नाही, म्हणून आम्हीही सांगत नाही.

गळू पिळू नये असे शास्त्र सांगते. हेडक्लार्कांनी ते दोन्ही अंगठ्यांनी पिळले. मग डॉक्टरची आठवण झाली. अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर, ही म्हण लोक नुसती पाठ करतात. हेडक्लार्कांनी ती मुलीचे लग्न लावून घरात आणली होती.

"जावईबापू," ते फोनवर म्हणाले, "आमच्या एका माणसाच्या काखेत गळू आलंय हो."

"गरम पाण्याचा शेक द्या. पिळू नका. ताप आला तर लगेच घेऊन या त्यांना."

बसणे अशक्य, म्हणून हेडक्लार्क पाच दिवस उभ्याने काम करत राहिले. साहेबांना ही निष्ठा वाटली. त्यांनी परिपत्रक काढले : बसणे हे आळसाचे मूळ आहे. बेचाळीस खुर्च्या अडगळीत गेल्या. अकरा कारकुनांनी सुटकेचा निःश्वास टाकला. (का, ते कुणी विचारले नाही.)

सहाव्या दिवशी हेडक्लार्क तापाने फणफणून फायलींवर कोसळले. जावई आला. त्याने विजार उतरवली.

"बाबा, काखेतलं गळू इतकं खाली कधी उतरलं?" मग तो चिडलाच. "अजून दोन दिवस लपवलं असतंत तर जिवावर बेतलं असतं."

हेडक्लार्क ढसाढसा रडले. दुखत होतेच, पण खरे म्हणजे फार घाबरले होते.

प्रतिबंध सोपा आहे : सैल सुती कपडे, कोरडे अंग, स्वतःचा वेगळा टॉवेल, वारंवार होत असेल तर साखरेची तपासणी आणि थोडी कमी लाज. आपण हे सारे एका मित्रासाठी वाचत आहात, याची आम्हाला कल्पना आहे. मित्राला सांगा, दवाखाना उघडा आहे. आणि तोवर आपला डावा हात तिथून काढा.