सोहनलालच्या खिडकीतला समुद्र

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. माझी शाळा लवकर सुटली आणि ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिले. शब्दही घरातलेच आहेत. पण सोहनलालची हकीकत कोणीतरी सांगायलाच हवी.

सोहनलालचं जळगावात कापडाचं दुकान आणि रस्त्याला लागून घर. लग्नात सासऱ्यांनी, जवरीलालजींनी, मुंबईहून एक काचेची पेटी, डबे भरून समुद्राचं पाणी आणि लेक मंजूचे लाडके दोन पट्टेरी मासे धाडले. (बाकीच्या जावयांना घड्याळ मिळतं.)

"अहो, बाबांनी सांगितलंय, पेटी उन्हात ठेवायची नाही," मंजू म्हणाली.

"मग येणारा-जाणारा बघणार कसा?" म्हणत सोहनलालने पेटी थेट रस्त्याकडच्या खिडकीत मांडली.

गल्लीत नाव झालं. सोनगीरचा सुपडू धोतरजोडी घ्यायला आला, तो आधी खिडकीशी थांबला. "भाऊ, या खावाना शेतस का?" त्याने विचारलं. घर जैनांचं, आत सोहनलालच्या आईने, चंदनबाईंनी, मासे खायचं नाव ऐकताच कानांवर हात ठेवले.

चैत्राचं ऊन तापलं. पाणी आटलं की सोहनलाल मूठभर मीठ कालवून भर घाली. शेवटी मंजूने हात धरला. "पाणी उडून जातं, मीठ नाही! साधं पाणी घाला. लोणचं घालताय का त्यांचं?"

लोणचं टळलं, पण काच हिरवी झाली, मग पाणीही. मासे दिसेनात, दिसले तेव्हा वर येऊन धापा टाकत होते. मंजूचे डोळे भरले. "यांना काही झालं ना, तर अखाजीच्या सणाला माहेरी गेलेली मी परत यायची नाही."

काचेवरचं हिरवं शेवाळ खरवडायला सोहनलालने घाईघाईने दाढीचं पातं काढलं. चंदनबाई आडव्या आल्या.

"खबरदार! लीलण आहे ती. कणाकणात अनंत जीव. चौदसला आपण हिरवी भाजी चिरत नाही, आणि तू हे खरवडतोस?"

"आणि मासे, आई? त्यांना जीव नाही?"

"दोघांनाही आहे," चंदनबाई म्हणाल्या, आणि दोघी सोहनलालकडे बघत राहिल्या. (अशा वेळी नवऱ्यालाही जीव असतो, हे कोणी धरत नाही.)

दुपारी चंदनबाई पाणी गाळायला बसल्या. फडक्यात उरलेली जिवाणी, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, त्या नेहमी अलगद पाणी काढलेल्या विहिरीतच सोडायच्या. ज्या पाण्यातले जीव, त्या पाण्यात. सोहनलाल उडालाच.

"आई! लीलण मारायची नाही. फडक्याने हळूच पुसायची आणि तिच्या पाण्यात परत सोडायची. चालेल?"

"न चालायला काय झालं?"

पेटी आतल्या खोलीत सावलीला गेली. काच पुसली, शेवाळ खाऱ्या पाण्यासकट कळशीत घेतलं आणि डब्यांत राखून ठेवलेलं समुद्राचं पाणी पेटीत ओतलं. संध्याकाळपर्यंत मासे फेर धरू लागले. मंजू हसली. सोहनलालची छाती फुगली. "आता कळशी विहिरीत सोडून येतो."

"विहिरीत?" चंदनबाई कडाडल्या. "खाऱ्यातले जीव गोड्यात तडफडतील. त्यांचं पाणी मुंबईला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोहनलाल मांडीवर कळशी घेऊन मुंबईच्या गाडीत बसला. खिडकीची जागा रिकामी होती. तरी तो संडासाच्या दाराशी, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. उन्हात ठेवलं की शेवाळ वाढतं, हे आता त्याला पक्कं कळलं होतं.