रिजेक्टसाहेबांनी पास केलेली वाइन

बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासून रिजेक्टसाहेबांचं नाक इतकं तयार झालं होतं, की भट्टीत एक बिस्किट करपलं तरी त्यांना गेटवरच कळायचं. कामगारांनी ठेवलेलं हे नाव घरच्यांनीही आनंदानं उचललं होतं. (घरीसुद्धा चहापासून पडद्यांपर्यंत काहीच पास होत नसे.)

म्हणून लेकीच्या होणाऱ्या सासरहून जेवणाचं बोलावणं आलं, तेव्हा बायकोनं त्यांना समोर बसवून वचनच घेतलं. त्या घरची तीन पिढ्यांची वायनरी. जेवणासोबत त्यांच्या सहा वाइन चाखायच्या आणि लग्नाचं त्याच टेबलावर पक्कं करायचं, असा बेत होता.

"काहीही पुढे आलं तरी 'छान' म्हणायचं," बायको म्हणाली.

"आणि छान नसलं तर?"

"तर 'फारच छान'."

"बाबा, प्लीज," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. आपल्या नाकापायी पोरीचं लग्न मोडता कामा नये, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

वायनरीत लाकडी पिंपांच्या रांगांमध्ये लांबलचक टेबल होतं आणि प्रत्येकापुढे सहा ग्लास. टोकाला मुलाच्या आजी बसल्या होत्या. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच. पहिल्या चार ग्लासांना साहेबांनी चढत्या आवाजात 'छान' म्हटलं. पाचवा नाकाशी नेला मात्र, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. आंबलेली! चक्क व्हिनेगर! कारखान्यात असते तर त्यांनी अख्खा ट्रक परत धाडला असता.

तेवढ्यात शेजारी लेकीनं आपला ग्लास हुंगला, तोंड वाकडं केलं आणि खाली ठेवला. साहेबांना दरदरून घाम फुटला. (बाप सुधारला, तर लेक बिघडली!) आता सगळं आपणच सावरायचं, या जिद्दीनं त्यांनी डोळे मिटून ग्लास एका दमात रिकामा केला.

"फारच छान!" ते खोकत म्हणाले. "आणखी मिळेल?"

आजींनी स्वतः उठून ओतली. साहेबांनी तीही संपवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आनंदानं हो," त्यांनी खुलासा केला.

आजी लेकीकडे वळल्या. "तू का नाही प्यायलीस?"

"आजी, रागावू नका, पण ही बिघडलीये," लेक कशीबशी म्हणाली.

आजी खळखळून हसल्या. "बिघडलेलीच आहे! येणाऱ्या सुनेपुढे आणि तिच्या माणसांपुढे आम्ही एक बिघडलेला ग्लास मुद्दाम ठेवतो. माझ्यापुढेही ठेवला होता. तोंडदेखलं बोलणारं माणूस आमचा धंदा बुडवेल गं. तू आमचीच झालीस आता!"

लेक रडली, बायको रडली. साहेब ताडकन उठले. "अहो, मला तर वासावरूनच कळलं होतं! माझं नाक म्हणजे..."

"असू दे हो," आजी मायेनं म्हणाल्या, "नाही कळत एकेकाला."

निघताना नव्या व्याह्यांनी गाडीत बारा बाटल्यांची पेटी आणून ठेवली.

"पाचवीच आहे. आम्ही हिनं काचा पुसतो," ते साहेबांच्या कानाशी लागून म्हणाले. "पण तुम्हाला एवढी आवडलीये, तर आता दर महिन्याला घरपोच पाठवत जाऊ!"