हारडतेलाची सायकल कुबड्या डोंगरावर चढली त्याची हकीकत

श्री. ज्याचें वाहन उंदीर, आणि त्या उंदरास ना साखळी ना गिअर, तरी जो त्रैलोक्य हिंडून वेळेवर पोहोंचतो, त्या गजाननास आधीं दंडवत. मग ज्यांचें अन्न खाल्लें त्या सरकारांस मुजरा. आणि मग वाचणारास रामराम. लिहिणारा कोण, हें पुसूं नये. पुसल्यास सांगणार नाहीं, कां कीं आम्हांस अजून याच राज्यांत राहणें आहे. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, आश्विन शुद्ध दशमीस जें वर्तलें तें आहे तैसें लिहितों. पदरचें घातलें असेल तर तें दिवाणजींविषयीं, आणि तेंही कमीच.

त्या राज्याच्या उगवतीस कुबडा म्हणोन डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर शिवेचा धोंडा, आणि धोंड्यालगत अकरा उंबऱ्यांची कुबडवाडी, आणि पलीकडील उतारापासून शेजारचें राज्य. उभय राज्यांच्या वडिलांनीं पूर्वीं तह केला होता तो ऐसा, कीं दसऱ्याचे दिवशीं ज्याचा स्वार पायउतार न होतां आधीं धोंडा ओलांडील आणि वर आपट्याचें पान ठेवील, त्याची वाडी बारा महिने. इकडील स्वारीस एक जुना पंचकल्याणी घोडा होता, त्यानें चौदा वर्षें वाडी राखिली, आणि यंदा श्रावणांत तो म्हातारपणानें वारला. मग दरबारीं मसलत जाहली आणि घोड्याचा पुतळा करावा ऐसें एकमतानें ठरलें. नवा घोडा आणावा हें कोणास सुचलें नाहीं. इतक्यांत शेजारील सरकारचें पत्र आलें, कीं आमचा स्वार यंदा डोंगरी सायकलीवर येतो, आणि वाडी हातीं येतांच तेथील घरें उठवून आम्ही आपला हवाखाना बांधूं, तरी आपण पुतळ्यावर बसोन यावें. हें वाचून सरकारांस क्रोध आला, आणि आज्ञा जाहली कीं आम्हीही सायकल करूं आणि शेजाऱ्यापेक्षां चांगली करूं.

मग सायकलीचें कोणास कळतें याचा शोध जाहला, आणि दरबारांत कोणी निघेना, तेव्हां दुलबाजी शेलार म्हणोन डाकवाला होता त्यास बोलाविलें. हा कुबडवाडीचाच राहणार. त्याचें घर धोंड्यापासून चाळीस पावलांवर, घरीं म्हातारी आई गजराबाई, आणि तो एक दिवसाआड डाकेची थैली घेऊन मोडक्या सायकलीनें डोंगर चढे. जेथें सायकल चढत नसे तेथें सायकल खांद्यावर घेई. वाडी गेली तर त्याचेंच घर पहिल्यानें उठणार, हें त्यास ठाऊक होतें, आणि त्यामुळें त्याची झोंप गेली होती. सरकारांनीं पुसलें, "कैसी सायकल पाहिजे?" तो हात जोडून बोलला, "सरकार, त्या वाटंला हार्डटेल पायजे. म्हंजी म्होरं लवंल आन मागं ताठ राहील, आशी. म्होरल्या चाकाला स्प्रिंग आसती, धोंडा आला का लवती. मागं काय बी लवत न्हाई. मागंबी लवाया लागली, तर चढावर मान्साचं निम्मं बळ लवन्यातच जातं."

हें ऐकतांच दरबारी आपापली पाठ चांचपों लागले. सरकारांपुढें लवावें आणि सरकारांची पाठ फिरतांच ताठ व्हावें, हा त्या दरबारचा पिढीजाद रिवाज. तो या डाकवाल्यानें भर सदरेंत फोडला ऐसें ज्याला त्याला वाटलें. दिवाण गुंडोपंत तर अंगावर पाल पडावी तैसे दचकले, आणि त्यांनीं तो डूख मनांत धरला. पण सरकारांस कांहीं उमगलें नाहीं. सरकार म्हणाले, "पुढें लवणारी आणि मागें ताठ, वाहवा, ऐसें कांहीं आमच्या राज्यांत असावें ही इच्छा पुष्कळ दिवसांची होती." आणि आज्ञा करून भोजनास उठले.

मग गुंडोपंतांनीं सायकलखातें काढिलें आणि नामांकित असामी त्यावर नेमिले, आणि दुलबाजीस दाराबाहेर बसविलें. पहिला वाद सांगाड्याचा. एक म्हणे लोखंडाचा करावा, एक म्हणे ॲल्युमिनियमचा करावा, आणि एकानें कोठेंसें ऐकलें होतें कीं थोर लोक कार्बनचा करितात. कार्बन म्हणजे काय, तर कोळसा, ऐसें शास्त्रीबोवांनीं सांगतांच मुदपाकखान्याचे मुख्य पुढें सरसावले आणि म्हणाले कीं बाभळीचा कोळसा आमच्याकडे उत्तम आहे, पाहिजे तितका न्या. दुलबाजी दारांतून ओरडला, "म्हाराज, लोखंडी नळीच बरी! वाटंत वाकली तर ठोकून सरळ करता येती!" तर त्यास शिपायानें गप केलें. दुसरा वाद चाकांचा. सेनापति म्हणे एकोणतीस इंची थोर चाक घ्यावें, खजिनदार म्हणे सव्वीस इंची बस आहे, आणि दोघेही मानकरी, कोणी मागें हटेना. शेवटीं दोघांचा मान राखण्यास पुढें एकोणतीस आणि मागें सव्वीस ऐसें ठरलें, आणि दोन्हीं चाकें आणून कोठारांत ठेविलीं. यावर दुलबाजी मनांत म्हणाला कीं चुकून का होईना, पण बरें जाहलें, कां कीं पुढचें थोर चाक धोंडा सहज ओलांडतें आणि मागचें लहान चाक चढावर हलकें फिरतें. तिसरा वाद ब्रेकचा. गुंडोपंत म्हणाले, "सरकारचें वाहन थांबत नसतें. ब्रेक घालणें हा सरकारचा अपमान आहे." तेव्हां ब्रेक रद्द जाहले, आणि सगळ्यांनीं माना डोलाविल्या, कां कीं त्यांतील कोणासही डोंगर उतरावयाचा नव्हता.

आतां ज्यासाठीं ही बखर लिहिली तें ऐका. सायकल बंदरावरून आणवावी ऐसें ठरलें, आणि चिटणीस लखमो अनंत यांनीं बंदरीं वकिलास मोडींत हुकूम लिहिला, कीं हार्डटेल एक, उत्तम, सत्वर पाठविणें. चिटणिसांचा बोरू झरझर चाले, आणि त्या दिवशीं त्यांस घरीं पुरणाची पोळी होती. घाईंत रफार वर द्यावयाचा राहिला, आणि ट चें पोट भरलें नाहीं, आणि वर सरकारचा शिक्का बसला. बंदरीं वकिलानें वाचलें तें हारडतेल. हारड म्हणजे हिरडा, हिरड्याचें तेल. वकील इमानी होता. त्यानें तीन तालुके पालथे घातले आणि हिरडा घालून कढविलेल्या तेलाचे एकोणीस बुधले, बैलगाड्यांवर घालून, वाजतगाजत दरबारीं पाठविले.

बुधले पाहतांच लखमो अनंत घामानें निथळले आणि दिवाणजींच्या पायांवर पडोन बोलले, "पंत, घात झाला. ट चा त झाला. दसऱ्यास बारा दिवस उरले. दुसरा हुकूम लिहितों, चूक पदरीं घेतों." गुंडोपंतांनीं शांतपणें पुसलें, "हुकुमावर शिक्का कोणाचा?" "सरकारांचा." "शिक्का चुकतो काय?" "नाहीं पंत." "मग ट चुकला. आजपासून या राज्यांत हार्डटेल म्हणोन वस्तु नाहीं. सरकारांनीं तेलच मागविलें होतें, आणि तेलच आलें." मग दवंडी पिटली, कीं डोंगर चढण्याचें बळ या तेलांत आहे, आणि जो तें सेवन करील तो स्वामिनिष्ठ. दुलबाजीनें हें ऐकलें आणि तो धांवत वाड्यावर आला आणि रडकुंडीस येऊन म्हणाला, "पंत, माझी आई वर हाय. अकरा घरं हायेत. मी बसू कशावर?" गुंडोपंत उत्तर करिते जाहले, "हुकुमावर बस."

तेव्हां दुलबाजीस रडावें कीं हंसावें कळेना. तो तैसाच उठला आणि हौसाबाई लोहारणीच्या भात्याकडे गेला. ही बाई भारी खमकी, बोलणें तोडीस तोड आणि हात सोन्याचा. तिनें सगळें ऐकोन घेतलें आणि म्हणाली, "आरं, सरकारानं तेल मागवलं म्हनून डोंगुर काय पातळ झाला का? आन नळी." मग दोघांनीं लोखंडी नळ्या कापिल्या आणि जोडिल्या, आणि मागचा भाग ऐसा कसून जोडिला कीं हत्ती बसला तरी लवणार नाहीं, आणि सरकारांची मोडकी बग्गी घोड्यावांचून तबेल्यांत धूळ खात होती, तिच्या दोन स्प्रिंगा काढून पुढच्या चाकाचे जागीं बसविल्या, आणि कोठारांतील तीं मानाचीं दोन चाकें मागून आणिलीं, तीं कोठारी बिनतक्रार देता जाहला, कां कीं सायकल म्हणोन वस्तु राज्यांत राहिली नव्हती, मग चाकें तरी कशाचीं? टायर रुंद घातले, आणि त्यांत हवा बेतानें भरिली, म्हणजे धोंड्यास धरून चालावी. दुलबाजीच्या मोडक्या सायकलीची साखळी आणि गिअर काढून घातले, आणि ब्रेक दोन बसविले. दुलबाजी म्हणाला, "मावशे, पंतांनी ब्रेक नगं म्हनलंय." ती म्हणाली, "पंतांना डोंगुर उतरायचा न्हाई. तुला हाय." आणि साखळीस तेल पाहिजे होतें, तें त्या एकोणीस बुधल्यांपैकीं एकांतलें वाटीभर घेतलें. त्या तेलाचा खरा उपयोग काय तो इतकाच जाहला.

इकडे दसऱ्याच्या आदल्या रात्रीं वाड्यांत तेलाचा समारंभ मांडला. ज्याचा जैसा मान तैशा पळ्या. शिलेदारांस तीन, मानकऱ्यांस पांच, सेनापति आणि खजिनदार यांस सात सात, आणि एकास अधिक पडली म्हणोन भांडण, मग आठ आठ. गुंडोपंतांनीं सर्वांहून थोर म्हणोन अकरा पळ्या घेतल्या आणि वर वाटी पुसोन बोट चाटलें. सरकारांनीं नुसता वास घेतला आणि पुरे म्हणाले. आणि दुलबाजीस मानच नव्हता, तेव्हां त्याच्या वांट्यास एक थेंबही आला नाहीं. त्याच्या जन्मांत दरबारच्या अन्यायानें त्याचें भलें जाहलें तें हें एकदांच.

हिरड्याचा गुण ज्यांस ठाऊक आहे त्यांस पुढील लिहिणें नको. दसऱ्याची सकाळ उगवली, चौघडा वाजावा तर वाजविणारा नाहीं, छत्री धरावी तर धरणारा नाहीं. समस्त दरबार हातीं तांब्या घेऊन बहिर्दिशेस. सेनापति एका झुडपाआड, खजिनदार दुसऱ्याआड, आणि झुडपें कमी पडों लागलीं तेव्हां तेथेंही मानापानाचा तंटा. शिलंगण म्हणजे शीव ओलांडणें. तें त्या दिवशीं सगळ्या दरबारानें केलें, आणि कित्येकांनीं चार चार वेळां केलें. सरकार एकटे गच्चीवर दुर्बीण लावून बसले.

आणि दुलबाजी निघाला. पागोटें घट्ट बांधलें, आपट्याचें पान दातांत धरलें, आणि हलका गिअर लावून चढों लागला. अर्ध्या वाटेवर गाढवलोळी म्हणोन जागा आहे, तेथें पायाखालीं सगळे सुटे गोटे. घोडाही तेथें घसरे. पुढचें चाक गोट्यावर आलें कीं लवे, आणि मागचें ताठ राहून ढकली, आणि त्याचें तिळभर बळही वायां जाईना. मांड्या भरून आल्या, डोळ्यांपुढें काजवे चमकले, तरी त्यानें पाय टेकिला नाहीं. माथा दिसों लागला आणि त्यास पलीकडून शेजारचा स्वार दिसला. त्याची सायकल मोठी देखणी, सोन्याच्या मुलाम्याची, आणि शेजारील सरकारांचें बूड नाजूक म्हणोन तिला पुढेंही स्प्रिंग आणि मागेंही स्प्रिंग. तो एक पायंडल मारी आणि सायकल दोन वेळां खालीं वर होई, जणू डोंगरास नमस्कार घालीत चालली आहे. स्वार तरणा होता, गडी चांगला होता, पण त्याचें निम्में बळ नमस्कारांतच गेलें. धोंड्यापाशीं अकरा घरचीं माणसें उभीं होतीं. गजराबाई पुढें, हातांत काठी. शेवटल्या चढास दुलबाजीचें चाक अडलें, सायकल कलंडली, एक पाय पायंडलावरून सुटला. म्हातारी किंचाळली, "दुलबा, पाय टेकू नगंस! घर हाय रं आपलं!"

त्यानें पाय टेकिला नाहीं. तो सुटला पाय फिरून पायंडलावर घेतला आणि सगळें अंग पुढें टाकलें आणि धोंडा ओलांडला आणि दातांतलें पान वर ठेविलें, आणि मग दोन्हीं ब्रेक दाबून उभा राहिला. गजराबाई धोंड्याशींच बसली आणि पदर तोंडास लावून रडली. शेजारचा स्वार पंचवीस पावलांवर उतरला आणि म्हणाला, "भाऊ, पाणी हाय का?" तर वाडीनें त्यास पाणी दिलें आणि भाकरीही दिली, कां कीं त्याचा कांहीं अपराध नव्हता.

तिसऱ्या दिवशीं दरबार कसाबसा भरला. सगळ्यांचीं तोंडें उतरलेलीं, बसावें कीं उठावें हें कोणास नक्की नाहीं. गुंडोपंत भिंतीस धरून उभे राहिले आणि बोलले, "सरकार, तेलाचा प्रताप पाहिला ना? हुकूम खरा ठरला." सरकारांनीं पाहिलें होतें तें दुर्बिणींतून, इतक्या लांबून तेल आणि घाम यांतला भेद दिसत नाहीं, तेव्हां सरकार संतोषले आणि दिवाणजींस शालजोडी जाहली, लखमो अनंतांस कडें जाहलें, आणि दुलबाजीस रिकामा बुधला जाहला. मग सरकार म्हणाले, "तुला कांहीं बोलणें आहे?" गुंडोपंतांनीं डोळे वटारले. दुलबाजी पुढें आला आणि मुजऱ्यास चांगला लवला आणि म्हणाला, "सरकार, पंत म्हनत्यात ते खरं हाय. साखळीला त्येच तेल व्हतं, साक्षीला हौसामावशी हाय. वाटीभर तेलावर माझ्यासारखा डाकवाला चढला. पंतांनी तर अकरा पळ्या पोटात घेतल्यात. म्होरल्या साली पंतांनाच बसवा." सरकार मांडीवर थाप मारून म्हणाले, "खरेंच! हें आम्हांस कां सुचलें नाहीं? चिटणीस, लिहा." लखमो अनंतांनीं बोरू उचलला, आणि या वेळीं हार्डटेल लिहितांना रफार दिला, ट चें पोट भरलें, एक अक्षर चुकों दिलें नाहीं, आणि सरकारांनीं शिक्का केला. गुंडोपंत पांढरे पडले, पण शिक्का चुकत नाहीं हें त्यांनींच सांगितलें होतें. ते शालजोडी तेथेंच टाकून लगबगीनें बहिर्दिशेस गेले. दुलबाजी सदरेवरून पाठ फिरवून निघाला तेव्हां ती पाठ ताठ होती.

एवंच, हुकूम खरा, तेल सरलें, वाडी राहिली. पहिल्या हुकुमांतला ट अद्याप सांपडला नाहीं. दिवाणजी झुडपामागून परतले म्हणजे शोध होईल. लिहिलें तें इतकेंच.