मारा, मारा, धरा

बाबालाल मिस्त्रींकडे गाडी नेली, की गाडीच्या मालकालाही कामाला लागावं लागतं. बाकीच्या गॅरेजांत गिऱ्हाइकाला स्टूल मिळतं, चहा मिळतो, कालचा पेपर मिळतो. मिस्त्री म्हणतात, "चप्पल काडा आणि बसा स्टेरिंगवर." मग स्वतः चाकाशी फतकल मारतात आणि तिथून अशा आवाजात ओरडतात, की रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा दचकून ब्रेक मारतो.

"मारा! मारा! मारा! आता धरा!"

ब्रेकच्या तेलात हवा शिरली, की पेडल कणकेसारखं मऊ लागतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल मारून मारून शेवटी दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचा बारका बोल्ट सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले, की बोल्ट आवळून "सोडा!" म्हणायचं. मिस्त्री एकटेच असतात, तेव्हा दुसरं माणूस म्हणजे आपण. मी एका वकीलसाहेबांना तिथं काळा कोट, पांढरा बँड आणि अनवाणी पाय अशा थाटात घामाघूम झालेलं पाहिलं आहे. बिचारे कोर्टाची तारीख आहे म्हणत होते. मिस्त्री म्हणाले, "कोर्ट थांबतंय. गाडी थांबंल का ते बघूया."

उद्यमनगरच्या टोकाला त्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. ब्रेक सोडून ते गाडीच्या दुसऱ्या कशालाच हात लावत नाहीत. इंजिन खडखडतंय म्हटलं तर म्हणतात, "खडखडू दे की. थांबतीया न्हवं?" कुणी आपली नवी गाडी किती जोरात पळते ते सांगायला लागलं, तर त्याच्याकडे ते अशा नजरेनं बघतात, जणू तो चारचौघांत काहीतरी अशोभनीय बोलला आहे.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्याच हुशारीमुळे. मी गडमुडशिंगीच्या हायस्कुलात गणित शिकवते. राजारामपुरीतून रोज माझ्या जुन्या गाडीनं जाते. एकदा पुढच्या चाकातून चुर्र चुर्र आवाज यायला लागला. दार करकरलं की आपण बिजागरीत तेल सोडतो, हे मला ठाऊक होतं. मग चाकानं काय घोडं मारलंय? मी खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि चाकामागच्या चकतीवर सढळ हातानं धार धरली. आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी ब्रेक दाबला तेव्हा कळलं, की आवाजाबरोबर बाकीचंही थांबलंय. गाडी शांतपणे पुढं गेली आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी राहिली. वर्गाच्या खिडकीतून आठवी ब नं उठून टाळ्या वाजवल्या.

मिस्त्रींनी चाक काढलं, चकती नाकाशी नेली आणि विचारलं, "खोबरेल?"

"हो."

"वास कसला हाय?"

"जास्वंदीचा."

"बाई," ते अतिशय गंभीरपणे म्हणाले, "चाकाला केस उगवायचं व्हतं काय?"

तेव्हापासून त्यांच्या दुकानात माझं नाव 'जास्वंदी बाई' पडलं. मी रागीट आहे, शाळेत मला पोरं टरकून असतात. पण तिथं मुकाट्यानं हो म्हणते.

चाकाला घासून गाडी थांबवणारा ब्रेकचा झिजलेला लायनर हातात आला, की मिस्त्री तो उजेडात धरून पत्रिका वाचल्यासारखा वाचतात. माझा बघून म्हणाले, "तुमचा पाय सारखा ब्रेकवर असतोय. कारण नसतंय, तरी असतोय. वर्गात बी असंच. पोरगं तोंड उघडायच्या आधीच 'गप बस'." मला संताप आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

या विद्येचा बोलबाला पार चंदगडपर्यंत पोचला आहे. तिकडचे एक गृहस्थ होणाऱ्या जावयाची गाडी काहीतरी निमित्त काढून घेऊन आले. म्हणाले, ब्रेकचं राहू द्या, पोरगा कसा आहे तेवढं सांगा. मिस्त्रींनी चारही चाकं खोलली. लायनरवर बोट फिरवलं. "घाटात गिअरमध्ये उतरतोय पोरगा. ब्रेक जाळत न्हाय, घाई न्हाय, रुबाब न्हाय. द्या पोरगी." लग्न झालं. पेढे आले ते आधी या दुकानात. मिस्त्री अजूनही सांगतात, की त्या जावयाच्या डाव्या मागच्या चाकाचा ब्रेकड्रम बघत राहावा असा होता.

पण गेल्या वर्षभरात समोर एक नवं गॅरेज झालं. काचेची केबिन, आत गार हवा, भिंतीत मासे. ब्रेकमधली हवा काढायला तिथं मशीन आहे. ती लावली, की पेडल मारायला माणूस लागत नाही. गिऱ्हाइकं तिकडं सरकायला लागली. मिस्त्रींचा मुलगा पुण्यात असतो, त्यानं तसलीच मशीन विकत घेऊन पाठवली. आठवडाभर ती दुकानात दिसली आणि मग गायब झाली. मी विचारलं तर म्हणाले, "चांगली हाय मशीन. पर लई मुकी हाय."

मला हे पटेना. मी त्यांना हिशेब करून दाखवला, मशीननं एका गाडीचा किती वेळ वाचतो तो. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बराबर हाय. चप्पल काडा."

हे मागच्या शनिवारचं. सकाळची शाळा सुटली होती आणि दुपारी भाचीचा साखरपुडा होता. मी जरीची साडी नेसून गाडीत बसले होते आणि मिस्त्री गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. "मारा! मारा! धरा! धरा म्हटलं की!"

"मिस्त्री, मी चार फुटांवर आहे," मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं. "मला ऐकू येतं."

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि पुन्हा त्याच पट्टीत, "मारा!"

दोन चाकं झाली. माझी पोटरी भरून आली, घसा सुकला. मी पाणी मागितलं. मिस्त्रींचे दोन्ही हात तेलात होते. ते क्षणभर घुटमळले आणि मग म्हणाले, "आत माठ हाय. जावा, घ्या."

मी पडदा सारला. आत लोखंडी कॉटवर एक बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मिस्त्रींच्या पत्नी, हमिदाभाभी. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"जास्वंदी बाई न्हवं तुमी?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी दोनदा 'धरा' म्हटलं तवाच वळखलं. तुमचा पाय लवकर सुटतोय."

मी उत्तर देणार, तेवढ्यात माझं लक्ष कॉटच्या पायथ्याकडं गेलं. तिथं एक पट्टी वेल्ड केली होती आणि तिच्यावर कुठल्याशा जुन्या जीपचं ब्रेकचं पेडल बसवलं होतं, स्प्रिंगसकट. भाभींचा उजवा पाय त्या पेडलवर होता.

"गेल्या पावसात मोरीत पाय घसरला," त्या सांगायला लागल्या. "खुबा मोडला. आपरेशन झालं. डागदर म्हणाले, पाय हलवत ऱ्हावा, न्हाईतर असाच आखडून बसंल. मला लई भ्या वाटायचं. व्यायाम घ्यायला एक पोरगी यायची, गोड आवाजात वन-टू-थ्री म्हणायची. वन-टू-थ्रीवर ह्यो पाय कशाला हलतोय? अठ्ठावीस वर्सं दुकानातलं पेडल माझ्याच पायाखाली हुतं, बाई. ह्यांनी 'मारा' म्हणायचं आणि पायानं मारायचं. मी पडल्यावर ह्यांनी गिऱ्हाइकाला बसवलं. एक दिस भायेर 'मारा' म्हणून वरडले आणि हितं चादर हलली."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी पेडल आणून जोडलं. सुरुवातीला स्प्रिंग अगदी ढिली होती. दर महिन्याला ते ती थोडी घट्ट करतात.

"आणि मशीन?" मी विचारलं.

भाभींनी कॉटखाली बोट केलं. मशीन चादरीत गुंडाळलेली होती, वर औषधांचा डबा ठेवला होता. "आठ दिस लावली. दुकानात आवाजच न्हाय. मी बी पाय टाकून पडून. नवव्या दिवशी हितं आली. पोराला सांगितलंय, झकास चालतीया म्हणून." त्या हसल्या. "आता काठी धरून दारापतोर जाणं हुतंय की माझं."

मी पाणी प्यायले आणि बाहेर आले. मला स्वतःची लाज वाटत होती. वेळेचा हिशेब मी याच माणसाला शिकवायला निघाले होते. मी गाडीत बसले आणि उरलेल्या दोन चाकांना मन लावून पेडल मारलं. पडद्यामागून प्रत्येक हाकेला स्प्रिंगची बारीक कुरकुर येत होती. बोल्ट आवळून झाल्यावरही मिस्त्री लगेच 'सोडा' म्हणत नव्हते. पडद्याकडं कान देऊन थोडं थांबत, मगच म्हणत.

शेवटी तेल स्वच्छ यायला लागलं. पेडल दगडासारखं घट्ट झालं. मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

"झालं, बाई. निगा आता, साखरपुडा चुकंल."

"नाही, मिस्त्री," मी म्हणाले. "अजून मऊ लागतंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसत्या आवाजावरून पेडल ओळखणारा माणूस तो. त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमण्यासारखं नव्हतंच. त्यांनी हातातल्या फडक्यानं बोटं पुसली. मग पुन्हा चाकाशी बसले.

"आसंल, आसंल," ते म्हणाले. "चारी चाकं पयल्यापासनं काडू या मग."