माणशी की घरटी

"एक फोन केला की सरकार येऊन पाणी काढतंय. लाव पैज," एल्डन पर्ली म्हणाला.

"कुठलं सरकार? तीन आहेत," शेजारचा लायल गॉस म्हणाला. "मार्चच्या गावसभेपर्यंत तुझं तळघर कोरडं झालं, तर अख्ख्या गावाला पॅनकेक मी घालतो. नाहीतर तू."

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या त्यांच्या ओढ्यात एका बीव्हरने, म्हणजे पाण्यात राहून झाडं कुरतडणाऱ्या जनावराने, काटक्यांचा बांध घालून रस्त्याखालची मोरी तुंबवली होती. एल्डनच्या तळघरात घोटाभर पाणी. तिथंच फळीवर मुरंब्याच्या बरण्या होत्या, बायकोने, वर्नाने, वारायच्या आधीच्या उन्हाळ्यात भरलेल्या. त्याने एकही उघडली नव्हती.

"वर आणून ठेव की," लायल म्हणाला.

"तिने तिथं ठेवल्यात."

एल्डनने फोन लावला. गाव म्हणालं, मोरी आमची, पण जनावर राज्याचं. राज्य म्हणालं, जनावर आमचं, पण दलदल केंद्राची. केंद्र म्हणालं, दलदल आमची, पण झाली कुणाच्या मोरीमुळे? पाण्याला परवानगी लागत नव्हती, ते फळीला टेकलं.

शेवटी तिन्हीकडचे साहेब बर्फात येऊन उभे राहिले. म्हणाले, बांध अर्धा फोडू. म्हणजे निम्मं पाणी लायलकडे.

"माणशी वाटा," एल्डन म्हणाला. "मी एकटा. याच्या घरात सात टाळकी."

"घरटी वाटा," लायल म्हणाला. "आपल्या एवढ्याशा राज्याला अवाढव्य टेक्सासइतकेच दोन सिनेटर मिळतात, तेव्हा बरी तुझी दातखीळ बसते."

संध्याकाळपर्यंत तोडगा निघाला. तळघरातलं पाणी घरटी, अंगणातलं माणशी.

"संसदेतही एक सभागृह राज्यागणिक, दुसरं माणशी. हा देश असाच उभा राहिला," केंद्राचा साहेब म्हणाला.

"उभाय खरा. कमरेइतक्या पाण्यात," लायल म्हणाला.

आता दोघांचीही तळघरं ओली, आणि तीही कायद्याने. एल्डन पैज हरला.

मार्चमध्ये त्याने गावसभेत शेगडी मांडली, पॅनकेक काढले आणि पाण्यात बुडायला लागलेल्या त्या सगळ्या बरण्या टेबलावर आणून उघडल्या. पहिला घास लायलने घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. शेवटी शेवटी वर्नाला काहीच आठवायचं नाही.

बाकीच्यांनीही चाखला. मग लायल उठला.

"अध्यक्ष, ठराव मांडतो. मुरंबा फक्कड झालाय."

भराभर हात वर गेले. त्या सभागृहात वादावादीशिवाय झालेला हा पहिलाच ठराव.

"विरोधात?" अध्यक्षांनी विचारलं.

एल्डनचा एकट्याचा हात वर.

"खारट आहे," तो म्हणाला आणि त्याने आणखी एक चमचा घेतला.