कोपरानंतर डोकं

"हात वर, कोपर खाली. आणि धुतलेल्या हातानं कशालाही शिवायचं नाही. डोक्याला तर नाहीच नाही, अर्शी!"

सविता मॅडमचा आवाज अर्शीच्या कानात एसटीत बसल्यावरही घुमत होता. नगरहून निघालेली गाडी राहुरी मागं टाकून कोल्हारकडे धावत होती, आणि ही पोरगी खिडकीपाशी बसून आपल्याच उजव्या हाताकडे डोळे वटारून बघत होती.

अर्शी ऑपरेशन थिएटरच्या टेक्निशियनचं शिक्षण घेत होती. हत्यारांची नावं तोंडपाठ, गाऊन घालणं चोख. घोडं अडलं होतं ते पहिल्याच पायरीवर, हात धुण्यावर. थिएटरात शिरण्याआधी बोटांपासून कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, मग ते छातीसमोर वर धरून, कशालाही लागू न देता, दार पाठीनं ढकलून आत जायचं. अर्शी सगळं नीट करायची. पण कोपरावरून पाणी निथळलं रे निथळलं, की तिचे दोन्ही हात आपापले उठायचे आणि टोपीवरून पार मानेपर्यंत फिरायचे. झालं! धुतलेले हात बाद.

त्यात बिचाऱ्या हातांचा तरी काय दोष? लहानपणापासून ती पाचही नमाजांआधी वजू करत, म्हणजे हात-तोंड-पाय धुत, आलेली. वजूत कोपरापर्यंत हात धुतले की ओला हात डोक्यावरून फिरवायचा असतो, मसह म्हणतात त्याला. कोपरानंतर डोकं. हातांना तेवढंच ठाऊक.

"काय गं, भांग पाडतेस का?" म्हणून मॅडम पहिल्यांदा हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत. "परवा परीक्षा आहे. जमलं तर थिएटरात उभी राहशील. नाहीतर पुढच्या बॅचपर्यंत चादरींच्या घड्या घालत बस."

घड्यांचं अर्शीला फारसं वाटलं नसतं. पण घरी दादीमाँ होती. तिचे, म्हणजे मुबारकबीचे, दोन्ही मोतीबिंदू पिकून तयार होते, त्याच इस्पितळात येत्या सोमवारची तारीख मिळाली होती, आणि तिनं सगळ्या घराला बजावलं होतं, "अर्शी आत माझ्यापाशी उभी राहनार असंल तरच मी त्या टेबलावर निजन. जबान दिली. न्हाईतर हाय तेवढं दिसतंय, बास झालं." हाय तेवढं म्हणजे किती? तर कालच अंगणात लावलेल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलीला तिनं "बस बाबा, पानी देऊ का?" असं विचारलं होतं, आणि उत्तर आलं नाही म्हणून रागावलीही होती.

घरी येताच अर्शीनं अंगणातला नळ गाठला. भाऊ परवेझ टेम्पोतले पेरूचे क्रेट उतरवून नुकताच टेकला होता. त्याला तिनं समोर बसवलं.

"माझा हात डोक्याकडं गेला की ओरडायचं."

"एवढंच? आगं, तुझ्यावर वरडायलाच जल्मलोय मी."

आणि तो इमानानं ओरडू लागला. "डोकं!... ए, डोकं!... आगं डोकं, डोकं!" गल्लीला वाटलं, या घरात कुणाचं तरी डोकं फुटलं. शेजारची भीमाबाई हळदीची मूठ घेऊन धावत आली. "कुनाला लागलं गं बाई?" कुणालाच लागलं नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा उतरलाच. एवढी हळद काढली होती, ती आता परत डब्यात थोडीच घालायची?

दिवस मावळेपर्यंत हात वळणावर आले. अर्शीला हायसं वाटलं. मगरिबच्या नमाजासाठी ती वजू करायला बसली, कोपर धुतले, आणि उठून दोन्ही हात छातीसमोर धरून तशीच खोलीकडे निघाली.

"आगं ए! मसह कुठं गेला? आन् पाय?" दादीमाँला मोटारसायकल ओळखू येत नव्हती, पण वजूत काय राहिलं ते तिला पाण्याच्या आवाजावरनं कळायचं.

अर्शी मटकन खाली बसली. "या अल्ला! जिथं करायचा न्हाई तिथं करते, आन् जिथं करायचा तिथंच राहतोय." दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तिच्या हातांची गत झाली होती.

दुसऱ्या दिवशी शबनम फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, दावत होती. घरचे सगळे गेले. अर्शीनं जेवणाआधी हात धुतले, आणि पुढं काय झालं ते तिला नंतरच कळलं. हात आपोआप वर गेले, पाऊल वळलं, आणि तिनं स्वयंपाकघराचं दार पाठीनं ढकललं. दारामागं परवेझ दालच्याचं, दुधी घातलेल्या डाळीचं, पातेलं घेऊन उभा. तो धडपडून दादीमाँवर आदळला. दालचा उडाला तो अब्बांच्या, म्हणजे नूरमहंमदच्या, इस्त्रीच्या कुर्त्यावर. दादीमाँचा चष्मा उडाला तो अब्बांच्या पायाखाली. कर्रकन आवाज झाला.

"मी कशालाच हात लावला न्हाई!" अर्शी ओरडली. तिचे हात अजून वरच होते.

"व्हय," कुर्त्यावरचा दुधीचा तुकडा उचलत अब्बा म्हणाले, "हातच तेवढा लावला न्हाईस."

चष्मेवाल्यानं दादीमाँच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली. "आजी, आता काच बदलून उपेग न्हाई. ऑपरेशनच करावं लागतंय."

दुपारी घरी येऊन दादीमाँ खाटेवर पडली. अर्शी तिच्या पायाशी येऊन बसली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"तू तर मनातनं खूशच असशील. मी नापास झाले की तू सुटलीस."

"सुटले असते खरं," दादीमाँ म्हणाली. ती खोटं कधी बोलली नव्हती. मग चाचपून तिनं अर्शीचा हात धरला. "नळाखाली हात घालताना बिस्मिल्ला म्हनतीस ना गं?"

"म्हनते की."

"मग हाताला वाटतं वजूच चाललाय. अर्धं राहिलेलं काम दिसलं की भला मानूस ते पुरं करायला धावतो. हात बी तसाच. त्याला कशाला रागावतीस? परीक्षेच्या आधी पुरा वजू करून जा, मसह, पाय, सगळं. मग त्याला सांग, बाबा, तुझं काई बाकी न्हाई."

परीक्षेच्या दिवशी अर्शीनं तसंच केलं. वजू झाला, मग टोपी, मास्क, मग नळ. बोटं, तळवे, मनगटं, कोपर. पाणी निथळलं. हात छातीसमोर थांबले, आणि थांबूनच राहिले! दार पाठीनं ढकलून ती आत गेली. सविता मॅडमचा गुरुवार होता, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं आणि जीव या पोरीत अडकलेला. त्यांना राहवलं नाही. "शाब्बास गं!" म्हणून त्यांनी अर्शीचे दोन्ही हात घट्ट धरले.



"मॅडम," अर्शी हळूच म्हणाली, "शिवलात."

मॅडमनी जीभ चावली. "शिवले खरी. नियम तो नियम. परत धू."

अर्शी परत नळाकडे वळली. वजूनंतरचं एक हात धुणं होऊन गेलं होतं, आता हातांना हा नवाच वजू वाटला तर? बोटं, तळवे, कोपर. पाणी निथळलं. उजवा हात उठला, कानापाशी पोचला. "बाबा, तुझं काई बाकी न्हाई," ती मनातल्या मनात म्हणाली. हात तिथंच अधांतरी थांबला. वाट चुकलेल्या पाहुण्यानं दारात उभं राहून विचार करावा, तसा जरासा घुटमळला, आणि गुमान छातीसमोर परत आला. या वेळी मॅडमनी स्वतःचे हात पाठीमागं बांधून ठेवले होते.

घरी आनंदीआनंद झाला. भीमाबाई वाटीभर साखर घेऊन आली. दादीमाँनं एवढंच विचारलं, "मग तूच आत?"

"मीच. तुझ्या डोक्यापाशी."

"हं." ती भिंतीकडं तोंड करून पडली. जेवली अर्धीच भाकर. सोमवारी हिचा गुडघा दुखणार की ताप चढणार, यावर घरात कुजबुज सुरू झाली.

सोमवारी सकाळी अंथरूण रिकामं होतं.

"पळाली!" परवेझ म्हणाला. मोरी पाहिली, भीमाबाईचं घर पाहिलं. अब्बा लुंगी सावरत नदीच्या वाटेनं निघाले. अर्शी टेम्पोला वळसा घालून जाऊ लागली आणि थबकली.

पुढच्या सीटवर दादीमाँ बसली होती. स्वच्छ पांढरी ओढणी, मिटलेले डोळे, ओठ पुटपुटताहेत. कोपर खाली, आणि धुतलेले दोन्ही हात छातीसमोर वर. टेम्पोचं दार सताड उघडंच. परवेझ ते लावायला वाकला, तशी ती डोळे न उघडता हळूच म्हणाली,

"शिवू नको रे. गाडी काढ."