साहेबांना मांडी शिकवणारे बन्सीभाऊ

आमच्या वाळूजच्या कंपनीत नवा परदेशी साहेब आला, की पहिल्याच आठवड्यात बन्सीभाऊ त्याला जमिनीवर बसवत. कॅन्टीनमागच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि त्या सव्वासहा फुटी माणसाला मांडी घालायला लावायची. साहेबाचे गुडघे वाजत, तो भिंतीला धरून लालबुंद होई, आणि बन्सीभाऊ घड्याळ बघत म्हणत, "दहा मिनिटं, सर. ओन्ली दहा."

बन्सीभाऊ आमचे वेल्फेअर ऑफिसर आणि बजाजनगरात माझे शेजारी. मूळचे गंगापूरकडचे. परदेशी कंपन्या आपल्याकडं कशानं टिकतात यावर मोठमोठी माणसं भाषणं ठोकतात. जमीन, वीज, सवलती, काय काय. बन्सीभाऊंचं शास्त्र एवढंच होतं: "कामगाराच्या घरी मयत झाली आन् साहेब येऊन खाली बसला, की कंपनी टिकली. बाकी समदं झूट हाय."

म्हणून ही शिकवणी. दुःखाच्या घरी खुर्ची मागायची नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, गुपचूप उठायचं. शेजारच्या कंपनीतल्या साहेबाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो मयताच्या घरी लाल गुलाबांचा गुच्छ घेऊन गेला आणि निघताना, येत असलेलं एकुलतं एक हिंदी वाक्य मोठ्या प्रेमानं बोलला, "फिर मिलेंगे!" पुढं ती कंपनी बंद पडली. पडली मंदीनं, पण बन्सीभाऊंना सांगणार कोण? "गुलाबानं गेली," ते म्हणत.

मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. पण आजूबाजूच्या गेटांवर संपाचे झेंडे लागले तेव्हाही आमचं गेट उघडं राहिलं, हेही खरं. त्यापायी हा माणूस स्वतःच्या घरी कमी आणि दुसऱ्यांच्या दुःखात जास्त असायचा. त्यांची बायको, आमच्या कौसावैनी, हसून म्हणायच्या, "माझ्यापाशी बसायचं तर मला मरावंच लागतंय."

मग कंपनी विकली गेली. नवा साहेब इथं येतच नाही, परदेशात बसून पडद्यावरून कारखाना चालवतो. त्याचं पहिलं फर्मान आलं: कामाच्या वेळेत कुणीही कुणाच्या मयतीला जायचं नाही. बन्सीभाऊ मग ड्यूटी सुटल्यावर रात्री-बेरात्री जाऊ लागले.

दिवाळीनंतर कौसावैनी गेल्या. तिसऱ्या दिवशी घर नातलगांनी भरलं होतं. "कंपनीचं मानूस येईलच," असं बन्सीभाऊंनी वैनींच्या माहेरच्यांना सांगून ठेवलेलं. दाराशी कुणाच्या चपला वाजल्या, की ते मान वर करत. कामगार मशीनवर अडकलेले, मी रजा टाकून आलेला. कंपनीचं म्हणून कुणी आलं नाही. मला इतका संताप आला होता, की त्यांच्याकडं बघवेना.

दुपारी त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, खुद्द साहेबाचा! बन्सीभाऊंनी तो सगळ्यांना दिसेल असा धरला. साहेब इंग्रजीत मिनिटभर बोलला. कंपनीला खेद आहे. रजा चारच दिवसांची आहे. सोमवारी ऑडिट आहे, हजर राहावं. वैनींचं नावसुद्धा न घेता त्यानं कॉल बंद केला. खोलीत इंग्रजी कळणारे आम्ही दोघंच होतो.

वैनींच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं, "काय म्हन्तेत साहेब, जावईबापू?"

बन्सीभाऊंनी फोन हळूच खाली ठेवला. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

"साहेब म्हन्तेत," ते म्हणाले, "या बाईच्या जीवावर कंपनी चालली. नवरा दुनियेची मयत करत हिंडला, हिनं एकटीनं घर ओढलं. म्हन्तेत, शेवटाला ती दवाखान्यात एकली व्हती, आन् नवरा दुसऱ्याच्या दुखात." त्यांनी खाली ठेवलेला फोन पालथा घातला. "म्हन्तेत, लई चुकलं. तिला एकदा तरी सांगाया पायजे व्हतं."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. बराच वेळ ती जावयाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"भला मानूस हाय," ती म्हणाली. "त्याला म्हनावं, ती रागावली नव्हती."

"सांगतो," बन्सीभाऊ म्हणाले.